गाडी कोण चालवत होतं?

"गाडी कोण चालवत होतं?"

"मी," हणमंत म्हणाला.

"आणि तुमची बायको?"

"मागं बसली हुती. पोलिसांत बी तसंच लिवून दिलंय की, साहेब."

मी तेवढं दोन ओळींत लिहिलं, वाचून दाखवलं आणि खाली त्याची सही घेतली. बाजेवर बसून मला दहा मिनिटंही झाली नव्हती. पुढ्यातला चहा अजून गरम होता आणि माझं काम आटपलं होतं.

त्याची बायको उज्ज्वला दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. वय बत्तीस. उजवा पाय गुडघ्याच्या खाली नव्हता. नवरा "मी" म्हणाला तेव्हा तिनं त्याच्याकडे न बघता मान वळवून अंगणातल्या शेळ्यांकडे पाहिलं. याच्यामुळे पाय गेला म्हणून नवऱ्यावर राग आहे, असं मी मनात नोंदवलं. राग होता हे खरं होतं. त्याचं कारण मात्र मी साफ चुकीचं धरलं होतं.

मी तेव्हा एका विमा कंपनीसाठी गाड्यांच्या क्लेमची चौकशी करायचो. सांगलीहून निघायचं, अपघात झालेल्या माणसाचं घर गाठायचं, चार प्रश्न विचारायचे आणि तो खोटं कुठे बोलतोय ते शोधायचं. बावीस वर्षं हेच केलं. सवय इतकी जडली होती की भाजीवाला मेथी आजचीच आहे म्हणाला तरी मी त्याची उलटतपासणी घ्यायचो आणि आमच्या सौभाग्यवती मला तिथेच सोडून पुढच्या गाड्यावर जायच्या. लोक मला शंकेखोर म्हणायचे. मला ते बिरुद वाटायचं.

हिप्परकर वस्ती आटपाडी तालुक्यातल्या माळावर होती. तीसेक घरं, बाभळी आणि माणसांपेक्षा शेळ्या जास्त. प्रकरण साधं दिसत होतं. चार महिन्यांपूर्वी खरसुंडीच्या रस्त्यावर एका मोरीवर नवराबायकोची मोटारसायकल दगडी कठड्याला घासून पडली. दुसरी गाडी मध्ये नव्हतीच. हणमंत शेजारच्या ज्वारीत फेकला गेला आणि त्याचं खरचटण्यावर निभावलं. उज्ज्वलाचा पाय कापावा लागला. गाडी तिच्या नावावर होती, कारण ती बचत गटाच्या कर्जातून घेतलेली होती. उज्ज्वला पशुसखी होती. म्हणजे वाड्यावस्त्यांवर फिरून शेळ्यामेंढ्यांना लस टोचायची. फाईलमध्ये तिचं लायसनही होतं, गिअरच्या गाडीचं. गटाच्या कागदांसाठी काढून ठेवलं असेल, असं मी धरून चाललो.

मोटारसायकलच्या पॉलिसीत समोरच्याचं नुकसान भरून देणारा एक भाग असतो. आपल्या गाडीची दुरुस्ती देणारा दुसरा. तिसऱ्याकडे सहसा कुणी बघत नाही. तो गाडीच्या मालकाच्या जिवासाठी आणि हातापायांसाठी असतो. पण त्यासाठी नुसता मालक असून भागत नाही. अपघाताच्या वेळी हॅंडल त्याच्याच हातात हवं आणि त्याच्याकडे लायसन हवं. मालक मागे बसला असेल तर आमचं ऑफिस त्याला एक रुपया देत नसे. उज्ज्वला चालवत असती तर पाय गेल्याबद्दल तिला साडेसात लाख मिळाले असते. मागे बसली होती म्हणून शून्य.

क्लेमच्या फॉर्मवर 'मालक स्वतः चालवत होती' असं लिहिलेलं होतं. हणमंत सांगत होता की एजंटानं कोऱ्या फॉर्मवर तिची सही घेतली आणि बाकीचं त्यानंच भरलं. असे एजंट मी ढिगानं पाहिले होते. क्लेम बसेल तसा अपघात लिहायचा, ही त्यांची रीत.

माझीही एक रीत होती. जबाब होईपर्यंत कव्हर काय आहे ते समोरच्याला सांगायचं नाही. सांगितलं की माणूस कव्हरला शोभेल असं बोलू लागतो. हणमंतला काहीच माहीत नव्हतं, म्हणून तो भडाभडा खरं बोलला, असं मला वाटलं. आता गाडीचे चार फोटो काढायचे, नामंजुरीचा अहवाल द्यायचा आणि उन्हं उतरायच्या आत विट्याला जेवायला थांबायचं, एवढंच राहिलं होतं.

"गाडी बघू," मी म्हणालो.

"जा, दाव त्यास्नी," समोरच्या कट्ट्यावरून बिराआण्णा म्हणाले. हणमंतचे हे थोरले भाऊ. पांढऱ्या मिश्या, डोक्याला पटका आणि वस्तीत त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नाही हे आल्या आल्याच कळलं होतं. चहासुद्धा त्यांनी मान हलवल्यावर आला होता.

गाडी घरामागे पत्र्याच्या शेडात होती, वर पोतं टाकलेलं. नंबरप्लेटचा फोटो काढला, पुढून एक काढला, मग उजव्या बाजूच्या फोटोसाठी खाली बसलो. आणि बसलोच.

ब्रेकचा पेडल आणि त्यालगतचं पुढचं पायदान, दोन्ही पार आत इंजिनात दाबली गेली होती. कठड्याची पांढरी दगडभुकटी अजून खाचेत होती. मागे बसणाऱ्याचं पायदान मात्र सरळच्या सरळ. त्याच्या रबरावरच्या रेघासुद्धा शाबूत होत्या. दवाखान्याच्या कागदावर काय लिहिलं होतं ते मला आठवलं. उजवं पाऊल लोखंड आणि दगड यांच्यात चेंगरून चुरा.

"हणमंत, उजव्या पायातलं पायताण काढा."

"कशापायी?"

"काढा तर."

त्यानं काढलं. पाची बोटं जागेवर. घोट्यावर ओरखडासुद्धा नाही.

"ज्याचा पाय या ब्रेकवर होता," मी म्हणालो, "त्याचा पाय आज शिल्लक नाही."

तो पेंडीच्या पोत्यावर बसला. खाली बघत म्हणाला, "साहेब, सही झालीया न्हवं? मग मिटवा की."

"कोण चालवत होतं?"

"आण्णास्नी कळू दिऊ नका."

"कोण, हणमंत?"

"ती."

मग तो सांगू लागला. वस्तीतून बाहेर पडेपर्यंत हा चालवायचा. ओढा ओलांडला की थांबायचं, ती पुढे आणि हा मागे. पुढची वस्ती आली की अलीकडच्या बाभळीखाली परत थांबायचं आणि हा पुढे. लसीच्या दिवसात आठ-आठ वेळा ही अदलाबदल. तीन वर्षं.

"एवढा खटाटोप कशाला?"

"घरातल्या बाईनं गाडी चालवायची न्हाई, ह्ये आण्णांचं पयल्यापास्नं. गाडी घेतली तवाच म्हणलं, कागदं तिच्या नावची ऱ्हाऊ द्यात, हॅंडल तुज्या हातात ठेव. पोरं मला म्हणायची, बायकूचा डायवर. त्ये काय, ऐकून घेतलं. पर बायकूच्या मागं बसून फिरतोय असं कळलं असतं तर..." 

"चालवते कशी?" हा प्रश्न चौकशीतला नव्हता. मला ऐकायचं होतं.

पहिल्यांदाच त्याचा चेहरा उजळला. "माज्यापरास झ्याक, साहेब. मला चढावर धड दमानं घेता येत न्हाई, गचके देतीया गाडी. ती खडीतनं अशी काडती की मागं मला डुलकी लागती. त्या दिवशी करडू आडवं आलं. दुसरं कोण असतं तर करडू बी गेलं असतं आन आमी दोघं बी. तिनं ब्रेक दाबूनच धरला, उजवीकडं घेतली. तिचा पाय तेवढा घावला."

"मग पोलिसांना तुम्हीच चालवत होतात असं का सांगितलंत?"

"तिला आत न्हेली हुती. आण्णा आलं. पयला सवाल त्येंचा त्योच, हिच्या हातात न्हवती न्हवं गाडी? मी म्हणलो, न्हाई. मग फौजदार आलं, त्यास्नी बी त्येच सांगितलं. म्हणलं, पाय बी हिचाच जायाचा आन बोल बी हिलाच लागायचा, ह्ये काय बरं न्हाई." तो पायताणाशी चाळा करत राहिला. मग म्हणाला, "आन तुमच्याफुडं खोटं कशाला बोलू, थोडी लाज बी हुती."

"हे तिला सांगितलंत?"

"तिनं इचारलंच न्हाई. शुद्धीवर आली, माजा जबाब कळला, तवापास्नं कामापुरतंच बोलती."

मी शेडाबाहेर येऊन उभा राहिलो. खिशातला जबाब सहीनिशी पक्का होता. तो दिला असता तर मला कुणी एक प्रश्न विचारला नसता. उलट क्लेम नामंजूर झाला की ऑफिसात माझं कौतुकच व्हायचं. बावीस वर्षं मी फायद्यासाठी बोललेलं खोटं पकडत आलो होतो. इथे एक माणूस स्वतःच्या घराचं नुकसान होईल असं खोटं बोलला होता, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. मला माझीच लाज वाटली, कारण पायदान दिसलं नसतं तर मी जेवायला निघून गेलो असतो.

मी परत आत गेलो आणि त्याला कव्हर समजावून सांगितलं, सगळं, साध्या भाषेत. त्यानं दोनदा विचारलं, "म्हंजी मी चालवत हुतो म्हणल्यानं तिचं गेलं?"

"हो."

"आन ती चालवत हुती, त्ये खरं हाय, म्हणून मिळतंय?"

"सिद्ध झालं तर. आता जबाब बदलला तर ऑफिस म्हणणार पैशासाठी बदलला. हे पायदान आणि दवाखान्याचे कागद आहेत म्हणून आशा आहे. तुम्हाला नवा जबाब लिहून द्यावा लागेल, आणि वस्तीतल्या दोन जाणत्या माणसांच्या साक्षी."

"आतल्या खोलीत बसून लिवूया. गुपचूप."

"साक्षी गुपचूप होत नाहीत, हणमंत."

आम्ही अंगणात आलो. हणमंत बोलेना, म्हणून मीच बिराआण्णांना सांगितलं की गाडी मालकीण चालवत असेल तर तिला विमा मिळतो, नाहीतर नाही. त्यांनी क्षणभर विचार केला आणि त्यांच्या तोंडावर हसू आलं. मी त्यांना वाट दाखवतोय असं त्यांना वाटलं.

"मग सोपं हाय की! एजंटानं लिवलंयच. ती चालवत हुती म्हणून लिवायचं. पैशापुरतं लिवाय काय जातंय?"

हणमंतनं माझ्याकडे बघितलं, मग भावाकडे. "व्हय आण्णा," तो म्हणाला, "पैशापुरतं."

त्याला सुटका मिळाली होती. विमाही मिळणार आणि भावाला काही कळणारही नाही. मला त्याचा संताप आला. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"मी सही करायची न्हाई."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. थोरल्या दिरासमोर तोंड उघडायची त्या घरात रीत नव्हती, म्हणून ती बोलली ते माझ्याकडे बघून.

"आगं, साडेसात लाख हायेत," बिराआण्णा म्हणाले. "चांगल्यातला पाय बसवून मिळंल. परत कामाला लागशील."

"साहेब, पैशापुरतं असंल तर नगं मला. उद्या सगळी वस्ती म्हणंल, पैशासाठी हिला गाडीवर बसिवली. मी तीन वर्सं गाडी चालवलीया. पावसात चालवलीया, खडीतनं चालवलीया, लसीचा डबा मांडीवर घिऊन ह्येस्नी मागं बसवून चालवलीया. त्येच खोटं म्हणून लिवायचं आन त्येचे पैसं घ्यायचं? पाय न्हाई त्यो न्हाई. नगं."

"कुणी चालवली तीन वर्सं?" बिराआण्णा हसत म्हणाले. त्यांच्याबरोबर कुणीच हसलं नाही. हळूहळू त्यांचं हसू मावळलं आणि त्यांनी धाकट्या भावाकडे पाहिलं.

हणमंत उभाच होता.  मी एवढंच म्हणालो, "मला पैशापुरतं नको, हणमंत. मला जे झालं ते हवंय."

"आण्णा," तो म्हणाला, आणि घसा खाकरून परत म्हणाला, "आण्णा, खरंच ती चालवत हुती. त्या दिवशी बी आन रोज बी. वढ्याच्या पल्याड तीच चालवती. मी मागं बसतो."

बिराआण्णा कट्ट्यावर पुढे सरकून बसले.

"दवाखान्यात तुमी इचारलं, हिच्या हातात न्हवती न्हवं. मी न्हाई म्हणलो. त्या येळंला ती आत निपचित पडल्याली. मला वाटलं, आता समदी हिलाच बोलत्याल. म्हणून माज्या अंगावर घेतलं. मला काय ठावं की त्येच्यानं हिचाच इमा जाईल."

उज्ज्वलानं इतक्या वेळात पहिल्यांदा नवऱ्याकडे बघितलं. "ह्ये मला का न्हाई सांगितलं?"

"तू इचारलं न्हाईस."

"मी इचारायचं हुतं?" ती म्हणाली. "मला वाटलं, लाजंपायी बोललासा. बायकू चालवत हुती म्हणायची लाज वाटली, म्हणून माजी गाडी बी काढून घेतलीसा माज्याकडनं. चार महिनं त्येच घोळतंय डोक्यात."

"त्ये बी हुतं थोडं," हणमंत म्हणाला. "चुकलं माजं."

तिचे डोळे भरून आले होते आणि तिनं ते लपवले नाहीत.

मी त्याला कागद दिला. त्यानं बाजेच्या काठावर पॅड ठेवून स्वतःच्या हातानं सगळं लिहिलं. शाळा सोडून वीस वर्षं झालेला माणूस, एकेक अक्षर कोरत होता. उज्ज्वलाचा जबाब मी लिहिला, ती सांगेल तसा. करडू डावीकडून आलं, वेग किती होता, ब्रेक केव्हा दाबला, सगळं तिनं ओळीनं सांगितलं, एकदाही न अडखळता. इतका स्वच्छ जबाब मला क्वचितच मिळाला होता.

त्या क्लेमचं पुढे काय झालं ते सांगून टाकतो. आमचे मॅनेजर मगदूम यांनी फाईल दोनदा परत पाठवली. "बावीस वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही क्लेम द्या म्हणताय, तब्येत बरी आहे ना?" असंही विचारून झालं. हणमंतला तहसीलला जाऊन प्रतिज्ञापत्र करावं लागलं आणि फौजदाराची बोलणी खावी लागली. शेवटी पायदानाचे फोटो कामाला आले आणि रक्कम उज्ज्वलाच्या खात्यावर जमा झाली. पण त्या दुपारी यातलं काहीच नक्की नव्हतं. त्या दुपारी मला दोन साक्षी हव्या होत्या आणि त्यातली एकच झाली होती, शेजारच्या घरातल्या निवृत्त मास्तरांची.

मी हणमंतनं लिहिलेला कागद बिराआण्णांपुढे धरला. त्यांनी तो घेतला आणि चष्मा लावून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. 'माझी पत्नी गाडी चालवत होती व मी मागे बसलो होतो,' इथे ते थांबले. तेवढंच पुन्हा एकदा वाचलं, या वेळी मनात.

"भिवघाटातनं बी हीच चालवायची?" त्यांनी भावाला विचारलं.

"हीच."

"माज्या सुमीच्या लग्नाला विट्याला आलासा, तवा?"

"तवा बी. कार्यालयाच्या अलीकडं उतरलो."

बिराआण्णांनी कागद मांडीवर ठेवला.  मग उज्ज्वलाकडे वळले. आवाज आता हुकमाचा नव्हता, दुखावलेला होता.

"आगं, मग मला एकदा सांगायचं तरी. मी काय न्हाई म्हणलो असतो व्हय?"

 उज्ज्वलानं थेट त्यांच्या डोळ्यांत बघितलं. त्या घरात लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच असावं.

"व्हय आण्णा," ती शांतपणे म्हणाली. "न्हाईच म्हणला असतासा."

बिराआण्णांनी मान खाली घातली. कागद पुन्हा उचलला, हणमंतच्या हातातलं पेन मागून घेतलं आणि साक्षीदाराच्या जागी सही केली.